सुटं सुटं विकलेलं इंजिन

रस्त्यांवर टोलनाके नव्हते आणि गाड्या एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. भांडी विकणाऱ्या जिनाप्पांच्या व्हॅनला आपल्या म्हाताऱ्या इंजिनाची लाज वाटायची. "घाटात बैलगाडीसुद्धा पुढे जाते. जोर लाव की जरा!" ती करवादायची. इंजिन ऐकून घ्यायचं, पण वेग काही वाढवायचं नाही.

शेवटी जिनाप्पांनी नवं इंजिन बसवलं. जुनं गॅरेजच्या अंगणात राहिलं. "सांभाळून जा गं," ते म्हणालं. व्हॅनने वळूनही पाहिलं नाही.

पहिल्याच घाटात नव्या इंजिनाने जोर केला आणि व्हॅनच्या पोटात कर्रकन वाजलं. कशीबशी ती गॅरेजला परतली. रफिकमिस्त्री खाली वाकले. "मालक, खालचा सांगाडा, ही चासी, गंजून कधीचीच तडकलीय. जुनं इंजिन बेतानं ओढायचं, म्हणून गाडी टिकली."

व्हॅनने अंगणात पाहिलं. तिथे नुसता तेलाचा डाग होता.

"ते सुटं सुटं विकलं," शेजारचा टेम्पो म्हणाला. "पंप जीपला गेला, स्टार्टर मला बसवला. बाकीचं भंगारात."

व्हॅन काही बोलणार, तोच टेम्पोवाल्याने चावी फिरवली. रोज सकाळी तिला जागं करणारी तीच खरखर झाली, आणि टेम्पो निघून गेला.