बैठकीतली गाणारी

माळेवाडीच्या जत्रेत लावणीचा खरा थोर काळ कोणता, यावर वाद पेटला आणि निकाल द्यायला यात्रा कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब उभे राहिले. “आमच्या आजोबांचा काळ सोन्याचा होता. आताचा सगळा गोंगाट. पुढच्या वर्षापासून नवे फड बंद.”

लावणी गाणाऱ्या हौसाचा नवा फड याच जत्रेवर जगत होता. ती पुढे आली. “भाऊसाहेब, आमच्यात सवालाला जवाब देता आला नाही तर हार मानावी लागते. सांगा, आजोबांच्या बैठकीला कोण कोण यायचं?”

भाऊसाहेब खुलले. कुठले इनामदार लोडाला टेकायचे, कोणता मामलेदार सारखा विडा मागायचा, सगळं त्यांनी नावानिशी सांगितलं.

“आणि गायचं कोण?”

“होती एक बाई. आवाज असा की...” ते अडले.

“ऐकणाऱ्यांची नावं तुमच्या घराण्याला पाठ आहेत, गाणारीचं मात्र नाही. तो काळ लोडाला टेकणाऱ्यांसाठी सोन्याचा होता, भाऊसाहेब. लावणीसाठी नव्हे.”

मंडपात टाळ्या पडल्या. भरल्या जत्रेत रिवाज मोडता येईना, म्हणून भाऊसाहेबांनी बंदी मागे घेतली. मग ते हसत सेक्रेटरीकडे वळले.

“या बाईचा सत्कार करून टाकू. नाव काय रे हिचं?”