परसदारची आफ्रिका

एके काळी कृष्णाकाठच्या एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांचा जन्म आफ्रिकेतला. वडील तिथल्या एका इंग्रजी वसाहतीत रेल्वेत कारकून होते. तो देश स्वतंत्र झाला आणि कुटुंब इकडे परतले. परतले असे लोक म्हणत. गुरुजी म्हणत, मी तर प्रथमच आलो. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तेव्हा एक शिष्य त्यांना रोज आफ्रिकेवरील ग्रंथ वाचून दाखवू लागला.

शिष्य मोठा उत्साही. गव्हर्नरांच्या आठवणी, शिकाऱ्यांची वर्णने, धर्मप्रचारकांची चरित्रे, मिळेल ते आणी. गुरुजी चार पाने ऐकत आणि म्हणत, “हे इंग्लंडच्या फडताळात ठेव.” आफ्रिकेचे फडताळ रिकामेच राही. म्हातारपणी बुद्धी चळली, असे शिष्याने मनाशी ठरवून टाकले. बोलला नाही एवढेच.

एकदा त्याने तिकडच्याच एका लेखिकेचे लहानसे पुस्तक आणले. वाचता वाचता तो कंटाळला.

“गुरुजी, यात सिंह नाही, अरण्य नाही. स्वातंत्र्य आले तरी नळाला पाणी आले नाही, म्हणून एक बाई मंत्र्याला शिव्या घालते आहे. मधेच पोरीवर ओरडते, मासळी वाळत घातली आहे, कोंबड्या हाकल. पुढचे पाहू का?”

“नको. तेच पुन्हा वाच.”

शिष्याने पुन्हा वाचले. गुरुजींच्या डोळ्यांना धार लागली. तो घाबरून थांबला.

मग गुरुजी सावकाश म्हणाले, “अरे, आजवरच्या पुस्तकांत साहेब व्हरांड्यात बसून बोलत होता. त्याची खुर्ची, त्याचा ताप, त्याला येणारी घरची आठवण. म्हणून ती इंग्लंडची. आमच्या परसदारी तिकडचीच अकिन्यीमावशी असे. आई आणि ती शेंगदाणे निवडत बसत, आणि मी उंडारलो की मावशी मला अशीच ओरडे. इतक्या वर्षांत मला कुणी असे ओरडलेले नाही. साहेब आपल्याविषयीही पुष्कळ लिहून गेला. त्यात तरी आपल्या आया कुठे बोलतात?”

शिष्याने पुस्तक उचलले आणि वाचू लागला, या वेळी चढ्या आवाजात, त्या बाईने बोलावे तसे. गुरुजी ऐकताना मधूनच हसत होते. दिवेलागणीला पुस्तक संपत आले, तेव्हा त्यांनी चाचपडत त्याचा हात धरला.

“शेवटची पाने आज नको वाचूस,” ते म्हणाले. “ती गप्प झाली, की मला पुन्हा इथे यावे लागेल.”