खाऱ्या टाकीतले गोडे पाणी

एकदा एका शहरात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एका वृद्ध मत्स्यपालकाच्या दुकानाची पायरी चढले. गृहस्थांचे नाव उकिडवे. पस्तीस वर्षे कालव्याच्या काठी उभे राहून त्यांनी पाण्याची पातळी मोजली होती, आणि पाण्याविषयी आपल्याला कोणी चार गोष्टी शिकवाव्यात असे त्यांना मुळीच वाटत नसे. त्यांची पत्नी शरयू जाऊन चौदा महिने झाले होते. मूलबाळ नव्हते. घर इतके शांत झाले होते की भिंतीवरच्या घड्याळाचादेखील त्यांना राग येई. म्हणून कोणीतरी सुचवले होते, मासे पाळा.

दुकानाचे मालक तांडेलकाका ऐंशीच्या पुढचे. त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि विचारले, "गोड्या पाण्यातले हवेत की खाऱ्या?"

"फरक काय त्यात?"

"गोड्या पाण्यातले मासे मनानं मोठे. तुमची चूक पोटात घालतात. गप्पी घ्या, मोली घ्या, दोन दिवस गावाला गेलात तरी कुरकुर नाही. खाऱ्यातले देखणे, पण लाडावलेले. पाणी जरा इकडचं तिकडं झालं की संपलं. नवख्या माणसानं गोड्यापासून सुरुवात करावी."

"मला खारंच हवं," उकिडवे म्हणाले. "ही वेंगुर्ल्याची होती. समुद्राशिवाय करमायचं नाही तिला."

तांडेलकाकांनी वाद घातला नाही. त्यांनी टाकी दिली, मीठ दिले, ते पाण्यात किती मिसळायचे ते सांगितले. महिनाभर टाकी नुसत्या पाण्याने चालवायला लावून मग नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी दिली. निघताना साध्या पाण्याचा एक कॅनही हातात ठेवला. "टाकीतलं पाणी कमी झालं की यातलं घालत जा," एवढेच म्हणाले.

घरी आल्यावर उकिडव्यांनी त्या पाण्याची चव घेतली. अगदी प्यायचे पाणी. खाऱ्या टाकीत गोडे पाणी! म्हाताऱ्याचे वय झाले, असे मनाशी म्हणून त्यांनी कॅन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

मग त्यांनी स्वतःची शिस्त सुरू केली. काचेवर शाईने एक रेघ ओढली. पाणी रेघेच्या खाली उतरले की बादलीत मीठ कालवायचे, अगदी पहिल्या दिवशीच्या प्रमाणात, आणि टाकी रेघेपर्यंत भरायची. पातळीत केसभराचाही फरक पडू दिला नाही. कालव्यावरचा कुठलाही अधिकारी खूश झाला असता.

त्यांचा बाकीचा दिवसही असाच शिस्तीत जाई. दुपारी शरयूची जुनी पत्रे काढायची, ओळीने वाचायची आणि परत ठेवायची. एकदा रेडिओवर काहीतरी ऐकून हसू आले, तर त्यांनी रेडिओच बंद केला. समोरच्या सावंतबाई कधी आमटी, कधी भाजी घेऊन बेल वाजवत. उकिडवे पाय न वाजवता दाराआड उभे राहत आणि त्या परत गेल्या की खुर्चीत येऊन बसत. कोणाशी बोललो तर शरयूची आठवण तेवढी कमी होईल, असे त्यांना वाटे. पुढे सावंतबाईंनी बेल वाजवणे सोडले. मग मात्र त्यांना ते फार लागले.

दीड महिन्याने एका सकाळी जोडीतला एक मासा आडवा तरंगताना दिसला. दुसरा खडकाच्या खोबणीत शिरून बसला होता. त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नव्हते.

उकिडवे दुकानात गेले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. "एक गेला," ते म्हणाले. "दुसरा खात नाही. तोही जाणार का हो?" एका माशासाठी आपण असे धावत आलो याची त्यांना लाज वाटली.

तांडेलकाकांनी दुकान बंद केले आणि ते त्यांच्याबरोबर निघाले. घरी आल्यावर त्यांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावले, मग खारटपणा मोजायची काचनळी पाण्यात सोडली. स्वयंपाकघरातला कॅन शोधून आणला, टाकीतले तांब्याभर पाणी काढून टाकले आणि तांब्याभर साधे पाणी हळूहळू आत सोडले.

"अहो, हे काय करता? मरेल तो!" उकिडवे ओरडले.

"घाई केली तर मरेल. रोज थोडं थोडं करू."

चार दिवस म्हातारा दोन जिने चढून येत राहिला. तांब्याभर काढायचे, तांब्याभर घालायचे आणि घटकाभर टाकीसमोर बसायचे. पाचव्या दिवशी खोबणीतला मासा बाहेर आला, भोवताली फिरला आणि त्याने एक दाणा गिळला. उकिडव्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"काका, माझं चुकलं कुठं? पातळी तर मी एक दिवस ढळू दिली नाही."

"पातळी बरोबरच होती, साहेब. पण हवेत उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ कुठंही जात नाही, ते टाकीतच राहतं. तुम्ही वरून आणखी मीठ ओतत राहिलात. समुद्रातला मासासुद्धा तेवढ्या खाऱ्यात जगत नाही." तांडेलकाका थोडे थांबले. "पाच दिवस येतोय मी. ती पत्रं रोज टेबलावर दिसतात. बेल कधी ऐकली नाही. बाईंची आठवण कुठं उडून जाणार नाही, साहेब. उडून जातं ते रोजचं साधं बोलणं, हसणं. तेवढंच भरत जायचं असतं."

उकिडवे चिडले. "म्हणजे तिला विसरू?"

"मी टाकीतून मीठ किती काढलं? तुम्ही वरून घातलेलं, तेवढंच. मूळचं आहे तसंच आहे."

उकिडव्यांनी काचेवरच्या रेघेवरून बोट फिरवले. मग उकिडव्यांनी खालच्या आवाजात विचारले, "त्यापेक्षा गोड्या पाण्याचीच टाकी घेऊ का आता?"

"हीच ठेवा. आमची मंडळी जाऊन अकरा वर्षं झाली. माझ्याही घरी खारीच टाकी आहे." म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. "उद्यापासून मी आलो नाही तरी चालेल."

उकिडवेही उठले. "काका, बसा," ते म्हणाले. "चहा करतो."

त्यांनी आधण ठेवले आणि साखरेचा डबा उघडला. डबा रिकामा होता. किती दिवस रिकामा होता हेही त्यांना आठवेना. ते क्षणभर ओट्याशी उभे राहिले. मग एक वाटी घेऊन दार उघडले, समोर गेले आणि सावंतबाईंची बेल वाजवली.

दार उघडून सावंतबाई पाहतच राहिल्या. "थोडी साखर हवी होती," असे ते म्हणताच बाईंनी जास्त काही न विचारता वाटी घेतली, आत जाऊन भरून आणली.

"कोणी आलंय वाटतं? दोघांना एवढी पुरेल ना?"

"तिघांना हवी," उकिडवे म्हणाले. "तुम्हीही या."