गोल लिहिलेली विहीर

एकदा एका लहान गावातल्या शाळेत एक तरुण शिक्षक संगणक शिकवण्यासाठी रुजू झाला. तो त्याच शाळेचा माजी विद्यार्थी होता. मन लावून शिकवणारा होता आणि स्वभावाने थोडा धास्तावलेलाही. इंटरनेटवर चांगल्याच्या शेजारीच वाईट कसे बसलेले असते, हे त्याने शहरात शिकताना पाहिले होते. म्हणून मुलांना संगणकासमोर बसवण्याआधी त्याने एक कडक फिल्टर बसवला. जी पाने त्याने स्वतः वाचून यादीत घातली होती, तेवढीच उघडत. बाकी काहीही शोधले की पडद्यावर एक लाल हात उभा राही आणि खाली अक्षरे येत, ‘हे पान उपलब्ध नाही.’

मुलांनी त्या हाताला सरांचा हात असे नाव ठेवले. कोणी खेळून उशिरा घरी निघाला की बाकीचे त्याला म्हणत, जा, आता आईचा हात दिसेल. पण हसण्यापलीकडे कोणाची तक्रार नव्हती. पालक निश्चिंत झाले. मुख्याध्यापकांनी सभेत शिक्षकाचे कौतुक केले, आणि शेजारच्या गावांतले शिक्षक ती व्यवस्था पाहायला येऊन गेले.

याच शाळेत पूर्वी भूगोल शिकवणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी दुपारी त्या वाचनालयात येऊन बसत आणि फाटलेल्या पुस्तकांना खळ लावून चिकटवत. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी नकाशा वाचायला शिकवले होते. तरुण शिक्षक अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसण्याआधी विचारत असे. बाईंनी ती संगणकाची खोली एकदा पाहिली, काम नेटके आहे म्हणाल्या आणि परत आपल्या पुस्तकांकडे गेल्या.

त्या शाळेतून मैथिली नावाची मुलगी दहावी उत्तम गुणांनी पास झाली. संगणकाच्या तासाला ती सर्वांत हुशार होती. तिचे वडील गावात पिठाची गिरणी चालवत. आईचा आणि त्यांचा बराच विचार झाल्यावर त्यांनी तिला तालुक्याच्या कॉलेजात घातले, आणि वसतिगृहात तिची वळकटी स्वतः उचलून नेऊन ठेवली. घराण्यातली दहावीपुढे जाणारी ती पहिली मुलगी होती.

काही महिन्यांनी तिच्या मोबाइलवर कॉलेजच्या नावाचे एक पान आले. विद्यार्थिनींनी आपली माहिती भरावी, असे त्यावर लिहिले होते. मैथिलीने नाव, पत्ता, फोन, सगळे व्यवस्थित भरले आणि आपला फोटोही दिला. ते पान कॉलेजचे नव्हते. लवकरच तिला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. मग तिचा फोटो नको त्या मजकुरासह इंटरनेटवर कुठल्याशा पानावर फिरताना एका मैत्रिणीला दिसला. कॉलेजच्या प्राचार्यांनी पोलिसांत तक्रार दिली, फोटो तिथून काढून टाकलाही गेला. पण बातमी गावात पोचायची ती पोचलीच. वडील तालुक्याला गेले आणि मुलीला वळकटीसह घरी घेऊन आले. येत्या सोमवारी जाऊन कॉलेजातून तिचे नाव काढायचे, असे त्यांनी घरात सांगून टाकले.

तरुण शिक्षक हे ऐकून गिरणीवर गेला. मैथिलीच्या वडिलांनी पट्टा थांबवला आणि शांतपणे त्याचे म्हणणे ऐकून घेतले. त्यांच्या पापण्यांवर पीठ होते. ते म्हणाले, “सर, माझं तुमच्यावर काहीच म्हणणं नाही. तुमच्या शाळेत होती तोवर काही झालं नाही. बाहेर गेली आणि झालं. म्हणजे बाहेर पाठवायचंच नाही, एवढं मला कळलं.”

हे बोलणे शिक्षकाला आपल्याच फिल्टरच्या नियमासारखे वाटले. फक्त या वेळी यादीबाहेर ठेवले जात होते ते पान नव्हते, एका मुलीचे पुढचे सगळे आयुष्य होते.

तो तसाच वाचनालयात बाईंकडे गेला. दोन गोष्टी त्याने विचारल्या. मैथिलीच्या वडिलांना कोण समजावणार, आणि आपले चुकले कुठे. शाळेतून जाताना मुलांच्या मोबाइलवरही असाच फिल्टर बसवून द्यायला हवा होता का, असे तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. बाई पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हात दाबून बसल्या होत्या. खळ वाळेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकाच्या हाती एक पेनड्राइव्ह दिला. शाळेच्या विहिरीविषयी एक पान त्यांनी वाचनालयातल्या संगणकावर स्वतः टाइप केले होते. ते यादीत घालावे आणि नववीच्या वर्गाला आपल्या विहिरीवर दहा ओळी लिहायला सांगाव्यात, एवढेच त्या म्हणाल्या. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न उभा असताना बाईंना विहीर कुठून सुचली, हे शिक्षकाला कळेना. पण त्यांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने पानाचे शीर्षक पाहिले, खाली बाईंचे नाव पाहिले आणि पान यादीत घातले.

त्याच संध्याकाळी बाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या. मैथिलीच्या वडिलांनाही त्यांनीच शिकवले होते आणि एकदा नापासही केले होते. हे वडील स्वतःच गिऱ्हाइकांना हसून सांगत. सोमवारी कुठे जायचे ते जा, पण शनिवारी शाळा सुटायच्या आधी लेकीला घेऊन विहिरीपाशी ये, असे त्या म्हणाल्या. वडिलांनी कारण विचारले. पीठ जरा जाडसर येऊ दे, असे सांगून बाई बाकावर बसून राहिल्या.

शुक्रवारी नववीचा वर्ग संगणकाच्या खोलीत बसला. त्या खोलीच्या खिडकीतून शाळेची विहीर समोर दिसते. काळ्या दगडांत बांधलेली ती चौकोनी विहीर आहे आणि तिच्यावर उंबराचे झाड वाकलेले आहे. तिच्या कठड्यावर बसून मुले रोज डबा खातात. बाईंच्या पानावर मात्र लिहिले होते की शाळेची विहीर गोल आहे, पक्क्या विटांची आहे आणि तिच्या काठी एक जुना वड आहे.

मुलांनी पान वाचले आणि लिहायला सुरुवात केली. नीरज नावाच्या एका मुलाने आधी चौकोनी असे लिहिले. मग पडद्याकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि शेजारच्या अल्फियाला हळूच म्हणाला, “अगं, आपली विहीर तर चौकोनी आहे.”

अल्फियाने मान वर केली नाही. “सरांनी उघडून दिलेलं पान आहे. तू काय सरांपेक्षा शहाणा?”

“पण दिसतेय ना समोर.”

“मग जा, विहिरीकडूनच मार्क घे.”

नीरजने चौकोनी खोडले आणि वर गोल लिहिले. शिक्षकाने त्या रात्री कागद तपासले. अक्षर कोणाचे सुधारले आहे, कोणाच्या ओळी कमी भरल्या आहेत, ते पाहिले. पान बाईंचे होते, मुलांनी त्यावरून लिहिले होते. मजकुराकडे वेगळे पाहण्याचे कारण त्याला वाटले नाही. सर्वांना त्याने लाल शाईने ‘छान’ दिले.

शनिवारी बाईंनी नववीच्या वर्गाला विहिरीपाशी बोलावले. मैथिली आणि तिचे वडील उंबराखाली उभे होते. मैथिलीने मान खाली घातली होती, कारण मुले आपल्याकडे पाहत आहेत हे तिला न पाहता कळत होते. बाईंनी अल्फियाला कठड्याशेजारी उभे केले आणि तिचा कागद मोठ्याने वाचायला सांगितले.

अल्फियाचा आवाज चांगला होता. “आमच्या शाळेची विहीर गोल आहे,” ती वाचू लागली. “ती पक्क्या विटांची असून तिच्या काठी एक जुना वड आहे.” एवढे वाचून तिने आधाराला कठड्यावर हात ठेवला. हात नेमका कोपऱ्यावर पडला. ती थांबली. मागून कोणीतरी खुदकन हसले, मग सगळेच हसले, आणि थोड्या वेळाने आपल्याही हातात तोच कागद आहे हे ध्यानात येऊन एकेक जण गप्प झाला.

शिक्षकाचा चेहरा उतरला होता. त्याला आपली लाल शाई आठवली. मुलांसमोर आणि एका पालकासमोर आपली शोभा झाली असे त्याला वाटले, आणि बाईंशी तो आयुष्यात पहिल्यांदा ताठ बोलला. “बाई, तुम्ही मुलांना फसवलंत. मलाही.”

“हो, फसवलं,” बाई म्हणाल्या. “इथं फसवलं. मी शेजारी उभी आहे, तू आहेस, आणि फसल्यानं कोणाचं काही मोडलेलं नाही. तुझी भिंत मी वाईट म्हणत नाही. लहान मुलांना भिंत हवीच, ती पाडू नकोस. पण भिंत बांधताना आपण त्यांना न बोलता एक धडा शिकवला. जे उघडतं ते खरंच असतं, हा तो धडा. डोळे यांना होते, विहीर समोर होती, तरी यांनी डोळ्यांपेक्षा पानावर विश्वास ठेवला, कारण पाहायचं काम कोणीतरी आधीच करून ठेवलंय असं यांना वाटलं. तुलाही तसंच वाटलं, कारण खाली माझं नाव होतं. अरे, भिंत दहावीला संपते. तो धडा संपत नाही. तो घेऊन मूल बाहेर जातं.”

मग उंबराखालून मैथिलीचा आवाज आला. इतके दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती, म्हणून वडिलांनी चमकून तिच्याकडे पाहिले.

“सर, त्या पानावर कॉलेजच्या इमारतीचा फोटो होता,” ती म्हणाली. “ती आमची इमारत नव्हती. आमची बैठी आहे, पत्र्याची. मला दिसलं होतं. पण पान उघडलं होतं, म्हणून मला वाटलं, मीच नीट पाहिलं नसेल.”

नीरजने हातातल्या कागदाची घडी केली आणि तिच्याकडे पाहिले. तिचे म्हणणे त्या वर्गात सर्वांत आधी कोणाला समजले असेल, तर ते त्याला.

शिक्षक मैथिलीसमोर जाऊन उभा राहिला आणि तिचे चुकले नव्हते, शिकवायचे राहिले होते, असे मुलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. हे म्हणणे त्याला सोपे गेले नाही.

मैथिलीचे वडील मात्र अजून आपल्या जागी होते. मुलगी निष्काळजी नव्हती, हे त्यांना पटले होते. पण पटल्याने भीती जात नाही. त्यांनी बाईंना विचारले की पुन्हा असे पान आले तर काय. बाईंनी मैथिलीकडे बोट केले.

“आधी नीट पाहीन,” मैथिली म्हणाली. “खटकलं तर भरणार नाही. तुम्हाला फोन करीन, पप्पा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“इमारत कशी आहे ते कळतंय ना. सोडायला तुम्हीच तर आला होता.”

वडिलांनी हसू आवरले, पण पुरते नाही. त्यांनी विचारले की समजा तुला खटकलेच नाही, तर. मैथिली विचारात पडली. मग म्हणाली की तसेही होईल कधी, पण तेव्हा चार दिवस लपवून एकटी रडत बसणार नाही, त्याच दिवशी सांगेन. हे चार दिवस वडिलांना ठाऊक नव्हते. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तिथेच राहू दिला. आपण रागावू म्हणून तिने सांगितले नव्हते, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज पडली नाही.

जाताना बाईंना ते म्हणाले, “सोमवारी जायचं ठरलेलंच आहे. जातो, आणि हिला पोचवून येतो.”

बाईंनी पीठ चांगले जाडसर आले होते, एवढेच सांगितले.

त्यानंतर शिक्षकाने फिल्टर काढला नाही. लहान वर्गांना तो पूर्वीसारखाच राहिला. आठवीच्या पुढे मात्र दर आठवड्याला एक तास तो यादीबाहेरचे, स्वतःही आधी न वाचलेले एखादे पान वर्गासोबत उघडू लागला. कधी पान चांगले निघे, कधी खोटे, आणि एकदा तर इतके बाष्कळ निघाले की त्याने ते मुलांसमोरच बंद केले आणि का बंद केले तेही सांगितले. पहिल्या तासाला मुले हातात पेन घेऊन तो काय म्हणतो याची वाट पाहत बसली होती. तो काहीच बोलला नाही. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, हे कोणी लिहिलंय?”

“मला माहीत नाही,” शिक्षक म्हणाला. “चला, शोधू या.” आणि खुर्ची ओढून तो मुलांच्या रांगेत जाऊन बसला.

मुलांच्या हाती काय द्यायचे नाही, हे आपण घरोघरी ठरवतोच. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे कधी, तेही आता ठरवायला हवे.