ग्रहणात काय कापलंस?

पाय पांघरुणात घ्या बघू. कैवल्य, राहीची उशी सोड. सोड म्हणते ना! आज मी आधीच वैतागलेय. सकाळपासून बाळाला बघायला आलेली एकेक बाई तुमच्या वृंदाकाकूला तोच प्रश्न विचारून गेली. कुठला, ते गोष्टीत येईलच. ऐका.

डोंगरापलीकडे एक राजा राहायचा. मनानं चांगला, पण जो येऊन काही सांगेल त्याच्यापुढे मान डोलवायचा. त्याची राणी गरोदर होती. राजाची बहीण ताराआत्या, तीही बाळंतपणाला माहेरी आलेली. आणि तेवढ्यात लागलं सूर्यग्रहण. त्या राज्यात रीत अशी, की ग्रहण सुटेपर्यंत गरोदर बाईनं अंधाऱ्या खोलीत बसायचं. खायचं नाही, शिवायचं नाही, आणि चिरायचं-कापायचं तर मुळीच नाही. नाहीतर म्हणे बाळाचा ओठ फाटतो! मग काय, दोघींना एका खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. ग्रहण सुटल्यावर दार उघडलं. झालं.

पुढे ताराआत्याला मुलगा झाला, सर्जेराव. चांगला गुटगुटीत. मग राणीला मुलगी झाली, शेवंती. टपोरे डोळे, डोकंभर जावळ, आणि वरचा ओठ पार नाकापर्यंत फाटलेला. आत टाळूलाही फट. हो राही, आपल्या बाळासारखीच.

आता घरात लेकरू जन्मलं तर माणसं आधी काय करतील? त्याला दूध पाजतील की नाही? नाही! सगळा राजवाडा राणीच्या खाटेभोवती जमला. पुरोहित म्हणाला, "राणीसाहेबांनी सुरी हातात घेतली असणार." दिवाणाची बायको म्हणाली, "सुरी नाही, सुई." आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? ताराआत्या! "वहिनी, खरं सांगा, ग्रहणात काय कापलंत?"

"काही नाही हो वन्सं," राणी म्हणाली. "तुम्हीच तर होतात माझ्याजवळ."

आत्या एकदम मागं सरकली, बरं का. पण बाकीचे कुठले गप्प बसायला! इकडे पोर भुकेनं रडतंय, पाजलेलं दूध नाकातून बाहेर येतंय, आणि ह्यांची चौकशी चालू. असा संताप येतो ना मला!

शेवटी राणीनंच सगळ्यांना बाहेर काढलं. पोरीला उभं धरलं, बोंडल्यानं थेंब थेंब दूध घातलं. थेंब, मग थांबायचं. थेंब, मग थांबायचं. असं करून पोर जगवली तिनं. आणि तिला मिळालं काय? तर कुणाच्या डोहाळजेवणाला बोलावणं नाही, बारशाला नाही, ओटी भरायला नाही. तिची सावली नको म्हणे. राजानं मान डोलावली. त्याला दुसरं येत काय होतं?

मग एके दिवशी खिडकीत एक शिंपी पक्षी येऊन बसला. इवलासा, पानं शिवून घरटं करणारा. तो राणीला म्हणाला, "मी शिवतो हिला. पण एकदम नाही. आधी ओठ, मग टाळू, मग हिरडी. तीनदा येईन. मधली मेहनत तुमची."

काय रे कैवल्य? पक्षी कुठं ऑपरेशन करतो का? माझ्या गोष्टीत करतो. तुझ्या गोष्टीत तू डॉक्टर आण. आणि मधे मधे बोलू नकोस.

तर पहिल्यांदा पक्ष्यानं ओठ शिवला. झोपेचं फूल हुंगवलं, कोळ्याच्या धाग्यानं नाजूक टाके घातले. राजानं लगेच नगारे वाजवले. "झालं! संपलं!" अरे बाबा, कुठं संपलं? टाळू तशीच होती ना!

शेवंती चालायला लागली तेव्हा दुसऱ्यांदा येऊन पक्ष्यानं टाळू शिवली. राजाचे पुन्हा नगारे. आणि शेवंती बोलायला गेली तर आवाज सगळा नाकातून. पक्षी म्हणाला, "दार मी बसवलं. उघडायचं कसं, लावायचं कसं, ते तिनं शिकायचं."

मग रोज सकाळी राणी तिला समोर घेऊन बसायची. नाकाशी आरसा धरायची. आरशावर वाफ आली, की शब्द पुन्हा. पपई. काकडी. टोपली. पपई. काकडी. टोपली. शेवंती कंटाळायची, आरसा भिरकावून द्यायची, तोंड फिरवून बसायची. राणीही कधी कधी तोंड फिरवून रडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पपई. आणि राजवाड्यातली माणसं! पोरीनं तोंड उघडलं की हे तिचं वाक्य पुरं करायचे. तिला पाणी हवं असायचं, हे दूध आणून ठेवायचे. धीर म्हणून नाही मेल्यांना.

दुधाचे दात पडून नवे यायला लागले तेव्हा पक्षी तिसऱ्यांदा आला. कमरेच्या हाडातला चिमूटभर चुरा काढून त्यानं हिरडीतली फट भरली. ईऽऽ काय करतेस राही? तिला दुखलं, तिनं सोसलं, तू नुसती ऐकतेस.

असं करत करत शेवंती मोठी झाली. ओठावर बारीकशी रेघ राहिली, नाक जरा एका बाजूला. राहू दे. आवाजही थोडासा नाकातून यायचा. येऊ दे. एकदा तिनं आईला विचारलं, "आई, तुला कुणी ओटी भरायला का बोलावत नाही?"

तेव्हा राणीनं तिला सगळं सांगितलं. अगदी सगळं. आणि शेवटी म्हणाली, "कुणाला बोलू नकोस."

मग सर्जेरावाचं लग्न झालं, त्याच्या बायकोला दिवस गेले. मामानं हौसेनं राजवाड्यातच डोहाळजेवण ठेवलं. सून हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत चौरंगावर बसलेली. बायका ओटी भरत होत्या. आणि राणी कुठं? आपल्याच घरात दाराआड! सुनेनं विचारलं, "मामीसाहेब नाही का भरणार माझी ओटी?"

"नको गं बाई," ताराआत्या म्हणाली. "त्यांनी ग्रहणात..."

"आत्या," शेवंती उठून उभी राहिली. दिवाणाची बायको लागलीच तिचं वाक्य पुरं करायला गेली. शेवंती म्हणाली, "थांबा. माझं मी बोलते."

राणी दारातून मान हलवून नको नको म्हणत होती. शेवंतीनं पाहिलं, पण ती थांबली नाही.

"आत्या, खोलीत तुम्ही दोघीच होता. अंधारात अडकित्ता वाजला. कट् कट्. कुणाचा होता?"

प्रत्येकीला प्रत्येक शब्द कळला, बरं का. सगळ्यांच्या नजरा गेल्या आत्याच्या कमरेला. तिथं तिची पानाची चंची! घटकाभर पानावाचून न राहणारी बाई ती.

आत्यानं चंची सोडून पुढ्यात ठेवली. "माझाच गं. राहवेना म्हणून सुपारी कातरली. सर्जा जन्मला तेव्हा आधी त्याचा ओठ बघितला मी. मग तुझा बघितला, आणि घाबरून वहिनींवरच ओरडले. वहिनी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर सगळे तुमच्या मागे लागले असते," राणी म्हणाली. "तुमच्याही कुशीत तान्हं होतं."

"सुपारी आत्यानं कातरली, तरी सर्जाचा ओठ धड," शेवंती म्हणाली. "आईनं काडीही मोडली नाही, तरी माझा फाटलेला. मग ग्रहणाचा संबंध काय? पोटात ओठ जुळायचा कधी कधी राहतो. आईचा दोष नसतो, आत्याचाही नसतो."

दाराशी येऊन ऐकत असलेल्या राजानं मान डोलावली. पहिल्यांदाच योग्य जागी!

सुनेनं पदर पसरला, "मामीसाहेब, या." मग राणीनं तांदूळ-नारळानं ओटी भरली. ताराआत्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. मग सगळ्या पोटभर जेवल्या आणि पुढंही एकत्रच जेवत राहिल्या.

संपली गोष्ट. आता डोळे मिटा. आणि उद्या कुणी वृंदाकाकूला विचारलं, की ग्रहणात काय कापलंस, तर तुम्ही दोघांनी काय करायचं? भांडायचं नाही. बाळाचं बोंडलं त्या बाईच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "मावशी, बाळाला भूक लागलीय."

झोपा.