बिजलीच्या जखमेची पंगत

एका डोंगराखालच्या गावात येसाजी नावाचा एक फार भला माणूस राहत होता. इतका भला, की त्याला कुणालाच ‘नको’ म्हणता येत नसे. कुणी कडू दुधी भोपळा दिला तरी तो “वा, किती छान!” म्हणून घरी आणायचा, आणि त्याची बायको गजरा तो गुपचूप उकिरड्यावर टाकायची.

त्यांच्याकडे एक म्हैस होती. नाव बिजली, पण चाल अशी की सकाळी पाणवठ्याला निघाली तर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. ती गाभण होती. अशात तिच्या मांडीवर एक गाठ आली आणि बघता बघता नारळाएवढी झाली. येसाजीनं जनावरांच्या वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी गाठ कापून काढली, टाके घातले आणि सांगितलं, “कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी गार करायचं आणि त्यानं जखम धुवायची. मग करंजाच्या तेलात हळद कालवून पातळसा हात फिरवायचा. माशी बसू द्यायची नाही. बाकी काही करायचं नाही.”

“बाकी काहीच नाही?” येसाजीनं विचारलं.

“काहीच नाही. हेच सगळ्यात अवघड आहे,” वैद्य म्हणाले आणि गेले.

सुरुवात चांगली झाली. जखम कोरडी पडू लागली, बिजली निवांत रवंथ करू लागली. मग शेजारीण कोरफडीचं पान घेऊन आली.

“भाऊजी, हळदीनं काय होतंय? माझ्या माहेरच्या बैलाचं शिंग मोडलं होतं, तर कोरफडीच्या गरानं बरं झालं.”

“शिंग?” गजरा म्हणाली. “पण हिची तर मांडी आहे.”

“असू दे गं,” येसाजी म्हणाला. “मायेनं आणलंय त्यांनी.” आणि हळदीवर कोरफड बसली.

दुसऱ्या दिवशी धनगरबाबा आले. त्यांनी दगडीपाला चोळून आणला होता. “मेंढीला लागलं की आम्ही हाच लावतो. म्हैस म्हणजे काय, मोठी मेंढीच की!” येसाजीला हेही पटलं. कोरफडीवर दगडीपाला बसला.

शेवटी परगावाहून येसाजीची थोरली मावशी आली. तिनं गाडगंभर लेप आणला होता. त्यात शेवग्याचा पाला होता, झेंडूच्या पाकळ्या होत्या, आणि लेप चिकटून राहावा म्हणून वरून गुळाचा पाक होता.

“मावशी, गूळ?” गजरानं विचारलं.

“मग काय! माणसाला गोड आवडतं, जखमेला आवडणार नाही?”

लेप भाकरीएवढा जाड झाला. वरून मावशीनं केळीचं पान बांधलं आणि सगळे समाधानानं जेवायला बसले.

तेवढ्यात गावातल्या शेळ्या रानातून परतल्या. त्यांना शेवग्याचा वास आला. पहिल्या शेळीनं केळीचं पान ओढलं, दुसरीनं झेंडू चाटला, आणि मग सगळा कळपच बिजलीच्या मांडीला झोंबला. तोवर गुळाला मुंग्याही लागल्या होत्या. बिजलीनं एक हंबरडा फोडला, दावं तोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती नावाप्रमाणे धावली! पुढे बिजली, मागे शेळ्या, त्यांच्यामागे धनगरबाबा आणि सगळ्यांच्या मागे रिकामं गाडगं घेतलेली मावशी. बिजली थेट गावतळ्यात शिरली आणि गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली.

काठावर गाव जमलं. “दोर टाका!” “पेंड दाखवा!” “शेपूट ओढा!”

“अहो, तुम्ही सगळे आधी गप्प बसा!” गजरा ओरडली. सगळे गप्प झाले. मग तिनं हळूच हाक मारली, आणि बिजली लंगडत बाहेर आली.

टाके उसवले होते. जखम चिघळली होती. रात्रीपर्यंत बिजलीला ताप भरला, तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. येसाजी तिच्या मानेवरून हात फिरवत बसून राहिला. पोटातल्या रेडकाचं काय होईल, हे विचारायचीही त्याला हिंमत होईना.

वैद्य आले. त्यांनी जखम धुतली. हळद निघाली, कोरफड निघाली, पाला निघाला, पाकळी निघाली.

“येसाजी, ही जखम आहे की लग्नाची पंगत? सगळ्या गावाला वाढलंस!”

“पण औषधं तर सगळी चांगलीच होती,” येसाजी पुटपुटला.

“पाहुणेही चांगलेच असतात. पण सगळे एकाच खाटेवर झोपले तर खाट मोडते.” त्यांनी पुन्हा टाके घातले. “आता एकच औषध. पुन्हा उसवलं तर म्हैस वाचणार नाही.”

सकाळी मावशी नवा लेप घेऊन दारात उभी. “येसू, या वेळी गूळ कमी घातलाय रे!”

येसाजीच्या कपाळावर घाम आला. त्याचं तोंड सवयीनं ‘वा’ म्हणायला उघडलं. त्यानं गोठ्यात पाहिलं. बिजली डोळे मिटून कण्हत होती.

“न… न… नको, मावशी.”

मावशीनं गाडगं उंबऱ्यावर ठेवलं. “काय म्हणालास?”

“नको म्हणालो,” येसाजी म्हणाला. दुसऱ्यांदा ते जरा सोपं गेलं. “तुझी माया हवी, लेप नको. काही करायचंच असेल तर माश्या हाकलशील का?”

मावशी फुगून बसली. पण बिजलीच्या मांडीवर माशी घोंगावताना पाहून तिला राहवेना. तिनं पदर खोचला, कडुनिंबाचा डहाळा उचलला आणि माश्यांवर अशी तुटून पडली की त्यांना तो गोठाच नको झाला. शेजारणीनं हिरवा चारा आणला. धनगरबाबांनी शेळ्यांना लांबच्या वाटेनं वळवलं.

हळूहळू ताप उतरला. कडा जुळल्या, जखम भरली, वर नवी कातडी आली. पुढे बिजली व्याली आणि तिला गुटगुटीत रेडी झाली. खरवस सगळ्यांच्या घरी गेला. मावशीनं दोन वाट्या खाल्ल्या आणि भरल्या तोंडानं म्हणाली, “गूळ थोडा कमी पडलाय.”

“नाही, मावशी,” येसाजी हसत म्हणाला, “बरोबर आहे.”

तात्पर्य: चांगलं औषधही दहा हातांनी लावलं की जखम होतं. माया सगळ्यांची घ्यावी, उपचार एकाचाच करावा, आणि वेळेवर ‘नको’ म्हणायला शिकावं.