वाळूवरची पोहण्याची शाळा

मुलांनो, ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. नदीकाठच्या एका जंगलात सिंहमहाराजांनी सगळ्यांच्या पिल्लांसाठी शाळा काढली होती आणि तिथे एक पाणमांजर पोहायला शिकवत असे. पोहायलाच का? कारण दरवर्षी नदी फुगायची, जंगलात पाणी शिरायचे आणि पोहून पलीकडच्या टेकडीवर गेल्याशिवाय कोणाचीही सुटका नसायची.

आता ही शाळा भरायची कुठे? पाण्यात? छे! काठावरच्या कोरड्या वाळूत! पूर्वी कधीतरी एका पिल्लाच्या नाकात पाणी गेले, ते ठसकले आणि दरबारात बोलाचाली झाली. तेव्हा कोल्हाप्रधानाने हुकूम काढला, की परवानगीशिवाय एकही पिल्लू पाण्यात उतरणार नाही. मग पिल्ले वाळूत पालथी पडून पाय मारायची आणि पाणमांजर त्यांच्यामधून ‘पुढे, मागे, पुढे, मागे’ असे ओरडत फिरायचे. कोल्हा तपासणीला यायचा, रांग सरळ आहे ना एवढे पाहायचा आणि ‘शाळा उत्तम’ असा शेरा मारून जायचा. सिंहाचे छावे आणि कोल्ह्याची पिल्ले या शाळेत नव्हतीच. त्यांची शिकवणी वरच्या डोहात होती आणि ती पाण्यात चालायची.

दर पुरात काही पिल्ले वाहून जायची. शेवटी पाणमांजराला राहवेना. ते भर दरबारात उभे राहिले. “महाराज, मला मोकळीक द्या. पाण्यात कधी उतरायचे, कोणाला आधी काय शिकवायचे, हे मला ठरवू द्या. मग एक जरी पिल्लू बुडाले, तरी जाब मला विचारा.”

सिंह खूश झाला. असे स्वतःहून मान पुढे करणारे त्याला रोज कुठे भेटणार! “मान्य! मोकळीक तुझी, जबाबदारीही तुझी,” तो गरजला. सगळ्या दरबाराने वाहवा केली. गर्दीत एक सशीण होती. तिचे एकुलते एक पिल्लू नुकतेच शाळेत जाऊ लागले होते. त्या दिवशी ती निर्धास्त मनाने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाणमांजर पिल्लांना घेऊन पाण्याकडे निघाले, तर वाटेत कोल्हा आडवा.

“कुठे निघालात, गुरुजी?”

“पाण्यात. महाराजांनी मोकळीक दिली आहे.”

“दिली आहेच! नाही कोण म्हणतो? फक्त उतरण्याआधी मला विचारायचे.”

“आणि जबाबदारी?”

“ती तर कालच तुमच्याकडे आली,” कोल्हा गोड हसून म्हणाला.

मग रोज तेच सुरू झाले. पाणमांजराने विचारायचे आणि कोल्ह्याने थांबायला सांगायचे. आज पाणी गार आहे. आज महाराज शिकारीला गेले आहेत. आज पाण्याविषयी मगरीचे मत मागवले आहे. पाणमांजर पाय आपटायचे, मनातल्या मनात चरफडायचे आणि पिल्लांना घेऊन पुन्हा वाळूत यायचे. दरबाराकडून रोज ताजे मासे मिळत होते, ते तोडायचे कशाला? मला कोल्ह्याचा राग येतो, पण खरे सांगतो, इथे पाणमांजराचाही येतो. संध्याकाळी सशीण पिल्लाला न्यायला आली, की ते तिला सांगायचे, “छान शिकतोय हो तुमचा!”

त्या वर्षी नदी लवकर चढली. शाळा भरलेली होती. वाळूवर पाणी सरकत आले आणि कोणीतरी ओरडले, “पोहा!” आणि मुलांनो, पिल्लांनी काय केले ठाऊक आहे? त्यांना जे शिकवले होते, तेच केले. पाणी अजून थोडे होते, पळून चढावर जाता आले असते, तरी ती सरळ रांगेत वाळूवर पालथी पडली आणि पाय मारू लागली. ‘पुढे, मागे, पुढे, मागे.’ पाणी आले आणि त्यांच्यावरून गेले. पाणमांजराने उडी घेतली. मानेला धरून एकेका पिल्लाला ते वर आणत राहिले. आयांनीही धावत येऊन हाताला लागेल ते ओढून काढले. सगळी पिल्ले सापडली. सशिणीचे तेवढे सापडले नाही.

टेकडीवरच्या उंच खडकावर सगळे जमले, सिंहही आला. सर्वांत आधी तोंड उघडले ते कोल्ह्याने. “महाराज, भर दरबारात याने जबाबदारी घेतली होती. आता जाब विचारा!”

“मला पाण्यात उतरूच दिले नाही!” पाणमांजर ओरडले. “रोज परवानगी मागत होतो!”

“मी कधी नाही म्हटले?” कोल्हा म्हणाला. “मी फक्त थांबा म्हणालो.”

सिंहाने आयाळ झटकली. “मोकळीक मी सर्वांसमोर दिली होती. याला हाकलून द्या आणि दुसरा मास्तर नेमा.” झाले! राजाच्या लेखी प्रकरण मिटले.

तेवढ्यात सशीण पुढे आली. पान सळसळले तरी पळणारी ती, पण आज सिंहासमोर जाऊन उभी राहिली. “महाराज, मोकळीक दिलीत खरी. ती शाळेपर्यंत पोचली का, हे पाहायला एकदा तरी आलात?” मग ती कोल्ह्याकडे वळली. “प्रधानजी, तुमची पिल्ले कुठे पोहतात हो?” कोल्ह्याने मान फिरवली. शेवटी ती पाणमांजरासमोर गेली आणि तिचा आवाज फाटला. “आणि गुरुजी, तुम्ही! हे दोघे काही पोहणे शिकवणारे नव्हेत. तुम्हाला तर ठाऊक होते ना, वाळूत पोहता येत नाही म्हणून? मला एकदा सांगायचे होतेत. मी माझे लेकरू घरी ठेवले असते. आम्ही सगळ्या मिळून प्रधानजींच्या दारात बसलो असतो. तुम्ही मला सांगितलेत, छान शिकतोय!”

पाणमांजर खडकावरून खाली उतरून निघून गेले.

पाणी ओसरल्यावर आया आपापल्या पिल्लांना घेऊन स्वतःच नदीवर आल्या. छातीभर पाण्यात त्यांनी कडे केले आणि पिल्लांना मधे घेतले. कोल्हा धावत आला. “परवानगी कोणाची?” एका रानम्हशीने नुसती शिंगे खाली केली आणि तो आल्या पावली परत गेला. सिंह लांबून पाहत होता. आयांची ती गर्दी पाहून त्याने गप्प राहणेच पसंत केले.

सशिणीने हाकलून दिलेल्या पाणमांजराला परत बोलावले आणि ती म्हणाली, “गुरुजी, आता तुम्हाला कोणी अडवणार नाही. कसे शिकवायचे ते तुम्ही ठरवा. पण रोज संध्याकाळी आम्ही इथे उभ्या राहून बघणार, कोणाला किती येते ते. कोणी मागे पडले तर का पडले, ते आम्हाला तोंडावर सांगायचे. ‘छान शिकतोय’ चालणार नाही.”

“आणि चुकलो तर जाब विचारा,” पाणमांजर हळूच म्हणाले.

“विचारणारच.”

पाणमांजर पाण्यात उतरले आणि त्याने पहिल्या पिल्लाला हाक मारली. आया एकेक करून पिल्लांना पुढे सोडू लागल्या. सशीण काठावरच उभी होती, कारण पाण्यात सोडायला तिच्याजवळ कोणी उरले नव्हते.

तात्पर्य : ज्याला जाब विचारायचा आहे, त्याचे हात आधी मोकळे करा. त्याचे हात बांधणाऱ्यालाही तोच जाब विचारा. आणि हात बांधलेले असताना ‘सगळे छान चालले आहे’ असे सांगत बसणाऱ्याला तर मुळीच माफ करू नका.